ऑनलाइन याचिकेवर सही केल्याने झाडं वाचतात का? समजून घ्या सोप्या शब्दांत

व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक लिंक येते. कुठल्या तरी जंगलातून रस्ता जाणार असतो, कुठल्या तरी टेकडीवर बुलडोझर चालणार असतो किंवा एखाद्या खाडीत भराव पडणार असतो. खाली लिहिलेलं असतं, "फक्त ३० सेकंद लागतील, सही करा आणि पुढे पाठवा." अनेक जण सही करतात, काही जण स्टेटसला टाकतात आणि दिवस पुढे सरकतो.

त्या सहीचं पुढे होतं काय? ती कुणी वाचतं का? सरकारला तिचं उत्तर द्यावं लागतं का? 'घरबसल्या आंदोलन' म्हणून जिची टिंगल होते ती ही सही खरंच निरुपयोगी आहे का?

गेल्या काही वर्षांत मुंबईतलं आरे, गोव्यातलं मोले, केंद्र सरकारचा ईआयए २०२० मसुदा आणि फ्रान्समधला एक गाजलेला खटला, या चार ठिकाणी ऑनलाइन सह्यांची आणि ई-मेलची परीक्षा झाली. चारही ठिकाणी निकाल वेगळा लागला. त्यावरून या प्रश्नाचं बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर मिळतं.

थोडक्यात मुद्दे

- खासगी संकेतस्थळावरच्या याचिकेला भारतात कायदेशीर वजन नाही. कितीही सह्या झाल्या तरी सरकारवर उत्तर देण्याचं बंधन येत नाही.
- सरकारने अधिकृतपणे मागवलेल्या 'हरकती व सूचना' ही वेगळी गोष्ट आहे. मुदतीत पाठवलेली हरकत नोंदीवर जाते आणि पुढे न्यायालयात कामी येऊ शकते.
- सह्यांच्या जोडीला न्यायालयीन लढाई, तज्ज्ञांचा अभ्यास आणि रस्त्यावरची माणसं असतात, तिथे फरक पडल्याचं दिसतं.
- बहुतेक ऑनलाइन याचिका मात्र कुणाच्या लक्षातही न येता संपतात.

'याचिका' या शब्दातच गोंधळ आहे

मराठीत 'याचिका' म्हटलं की आधी न्यायालय आठवतं. जनहित याचिका, रिट याचिका, फेरविचार याचिका. या याचिका दाखल झाल्या की त्यांना क्रमांक मिळतो, सुनावणी होते आणि समोरच्या पक्षाला उत्तर द्यावं लागतं. चेंज डॉट ऑर्ग किंवा आवाझसारख्या संकेतस्थळावरच्या 'पिटिशन'लाही आपण याचिकाच म्हणतो, पण ती प्रत्यक्षात सार्वजनिक निवेदन असते. गावातल्या लोकांनी सह्या करून तहसीलदाराला दिलेल्या निवेदनाचंच ते डिजिटल रूप आहे.

म्हणून ऑनलाइन मोहिमेची लिंक आली की ती नेमक्या कोणत्या प्रकारची आहे, हे आधी पाहावं लागतं. ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार खासगी संकेतस्थळावरच्या सह्यांचा. इथे आकडा वाढतो, बातमी होते, पण हा आकडा कुणी मोजलाच पाहिजे असा नियम नाही.

दुसरा प्रकार सरकारी प्रक्रियेतल्या हरकतींचा. एखादा मसुदा किंवा प्रस्ताव जाहीर झाला की सरकार ठरावीक मुदतीत लोकांचं म्हणणं मागवतं. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ नुसार केंद्राच्या मसुदा अधिसूचनेवर साधारणपणे ६० दिवसांत हरकती देता येतात. महाराष्ट्रातल्या शहरांत झाडं तोडायची असतील तर १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार जाहीर नोटीस निघते आणि हरकतीसाठी सात दिवस मिळतात. अनेक मोहिमा तयार मजकूर देऊन अशा हरकती ई-मेलने पाठवायला मदत करतात.

तिसरा प्रकार संसदेकडे केलेल्या अर्जाचा. लोकसभा आणि राज्यसभा या दोन्ही सभागृहांत याचिका समिती असते. लोकसभेत याचिका सादर करायची तर तिच्यावर खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते. सोशल मीडियावर फिरणाऱ्या बहुतेक लिंक या वाटेने जातच नाहीत.

आरे: ८० हजार हरकती आणि दोन रात्री

महाराष्ट्रात ऑनलाइन विरोधाची सर्वांत मोठी परीक्षा झाली ती आरेत. कुलाबा-वांद्रे-सीप्झ या साडेतेहतीस किलोमीटरच्या भुयारी मेट्रो-३ मार्गिकेची कारशेड गोरेगावच्या आरे वसाहतीत उभारायची होती. त्यासाठी २,१८५ झाडं तोडण्याचा आणि ४६१ झाडांचं पुनर्रोपण करण्याचा प्रस्ताव मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणासमोर आला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. दोन्ही बाजू पर्यावरणाचंच नाव घेत होत्या. मेट्रोमुळे रस्त्यावरच्या गाड्या कमी होतील आणि कार्बन उत्सर्जन घटेल, असं मेट्रो कंपनीचं म्हणणं होतं. आरेतली झाडं शहराचं तापमान आणि मिठी नदीचं पाणलोट क्षेत्र सांभाळतात, मेट्रो हवी पण कारशेड दुसरीकडे न्या, असं आंदोलकांचं म्हणणं होतं.

प्रस्तावावर ८० हजारांहून जास्त हरकती आणि सूचना आल्या. त्यातल्या बहुतेक ऑनलाइन मोहिमांतून आल्या होत्या. तरीही २९ ऑगस्ट २०१९ रोजी वृक्ष प्राधिकरणाने प्रस्ताव मंजूर केला. हरकती म्हणजे मतदान नव्हे, हा धडा तिथे पहिल्यांदा मिळाला. विरोधात हजारो पत्रं आली तरी प्राधिकरण ती विचारात घेऊन वेगळा निर्णय देऊ शकतं.

मग लढाई मुंबई उच्च न्यायालयात गेली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आंदोलकांच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं पडायला सुरुवात झाली. ट्विटर आणि व्हॉट्सअॅपवरून बातमी पसरली, लोक रात्रीच आरेकडे धावले. पोलिसांनी २९ जणांना अटक केली. पुढच्या दोन दिवसांत २,१४१ झाडं तोडून झाली होती.

७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने सुट्टीच्या काळात विशेष खंडपीठ बसवून 'जैसे थे' आदेश दिला. त्याला कारण ठरलं सरन्यायाधीशांच्या नावे आलेलं विधी शाखेच्या विद्यार्थ्याचं पत्र. न्यायालयाने ते पत्रच जनहित याचिका म्हणून नोंदवून घेतलं. हजारो सह्यांनी जे झालं नव्हतं ते एका पत्राने झालं, कारण ते योग्य दारात, योग्य वेळी आणि थेट मागणीसह पोहोचलं. पण तोवर बहुतेक झाडं पडून गेली होती.

मग आरेच्या आंदोलनाने मिळवलं काय?

उत्तर सरळ नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी कारशेडच्या कामाला स्थगिती दिली. ऑक्टोबर २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलवण्याची घोषणा झाली आणि आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर करण्यात आली. कांजूरमार्गच्या जागेच्या मालकीवरून केंद्र आणि राज्य यांच्यात वाद झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने तिथलं काम थांबवलं. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने स्थगिती उठवली. कारशेड पुन्हा आरेत आली.

एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी १७७ झाडं काढायला परवानगी दिली. मात्र न्यायालयाने आधी ८४ झाडांपुरती मुभा दिलेली असताना जास्त झाडांसाठी परस्पर वृक्ष प्राधिकरणाकडे गेल्याबद्दल मेट्रो कंपनीला १० लाख रुपये भरायला लावले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी हा टप्पा सुरू झाला आणि वर्षभरानंतर पूर्ण मार्गिका खुली झाली.

म्हणजे कारशेडबाबत आंदोलन हरलं. पण राखीव वनाचा दर्जा मिळाला आणि 'आरे हे जंगल आहे की नाही' हा प्रश्न शहराच्या राजकारणात कायमचा आला. ऑनलाइन मोहिमेने झाडं वाचवली, असं म्हणणं चूक आहे. काहीच झालं नाही, असं म्हणणंही चूकच.

ईआयए २०२०: मेलबॉक्स भरला, मसुदा अडला

दुसरं उदाहरण देशपातळीवरचं. मोठा प्रकल्प सुरू करण्याआधी त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे तपासणं, याला पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन म्हणजेच ईआयए म्हणतात. त्याचे सध्याचे नियम २००६चे आहेत. ते बदलण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये नवा मसुदा आणला.

मसुद्यातल्या तीन गोष्टींवर सर्वाधिक टीका झाली. आधी काम सुरू करून नंतर मंजुरी घेण्याची सोय, जनसुनावणीच्या नोटिशीचा काळ ३० दिवसांवरून २० दिवसांवर आणणं आणि अनेक प्रकारच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट.

देश तेव्हा लॉकडाऊनमध्ये होता. मोर्चा काढणं, सभा घेणं शक्यच नव्हतं. ई-मेल एवढंच साधन उरलं होतं. त्यात मसुदा फक्त इंग्रजी आणि हिंदीत होता. खाणीशेजारच्या किंवा बंदराशेजारच्या गावातल्या मराठी माणसाने तो वाचायचा कसा, हा प्रश्न होताच. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत आणायला सांगितलं. हा आदेश एका पर्यावरण कार्यकर्त्याच्या न्यायालयीन याचिकेवर आला होता. त्यामुळे ऑनलाइन मोहिमांना आणखी सहा आठवडे मिळाले.

या काळात तरुणांच्या गटांनी मसुद्यातले मुद्दे सोप्या भाषेत, चित्रांतून, रील्समधून समजावले. एका क्लिकवर हरकतीचा मेल जाईल अशी सोय केली. शेवटी मंत्रालयाकडे सुमारे १७ लाख प्रतिसाद जमा झाले.

त्याची किंमतही मोजावी लागली. जुलै २०२० मध्ये फ्रायडेज फॉर फ्युचर इंडिया, लेट इंडिया ब्रीद आणि देअर इज नो अर्थ बी या तीन गटांची संकेतस्थळं बंद करण्यात आली. पर्यावरणमंत्र्यांच्या मेलवर याच विषयाचे ढीगभर मेल येत असल्याची तक्रार झाली होती. फ्रायडेज फॉर फ्युचरला दिल्ली पोलिसांकडून दहशतवादविरोधी यूएपीए कायद्याचा उल्लेख असलेली नोटीस गेली. नंतर ती नजरचुकीने गेल्याचं सांगून पोलिसांनी मागे घेतली.

एरवी 'क्लिक करून काय होतं' असं म्हटलं जातं. पण संकेतस्थळं बंद करण्यापर्यंत गोष्ट गेली, याचा अर्थ ते मेल कुणाला तरी जाणवत होते.

निकाल काय लागला? तो मसुदा त्या स्वरूपात अंतिम अधिसूचना झाला नाही. ही मोहिमेची मोठी कमाई मानली जाते. पण गोष्ट इथे संपली नाही. जुलै २०२१ मध्ये मंत्रालयाने एका कार्यालयीन आदेशाने आधी काम, मग मंजुरी या प्रकारच्या प्रकरणांसाठी कार्यपद्धती आणली. मसुद्यातली सर्वांत वादग्रस्त गोष्ट मागच्या दाराने आली. या आदेशासाठी लोकांच्या हरकती मागवल्या गेल्या नव्हत्या, त्यामुळे मेल पाठवायची जागाच उरली नाही.

त्याविरोधात मुंबईची वनशक्ती ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. १६ मे २०२५ रोजी न्यायालयाने अशी मागाहून मंजुरी बेकायदा ठरवली. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने हा निकाल मागे घेतला आणि प्रकरण नव्याने सुनावणीला पाठवलं. १७ लाख मेलनी एक दरवाजा बंद केला, पण घराला आणखी दरवाजे होते.

मोले: सह्यांच्या पलीकडे गेलेली मोहीम

गोवा-कर्नाटक सीमेवर पश्चिम घाटात भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान आहे. दोन्ही मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटर. इथून तीन प्रकल्प जाणार होते: रेल्वेमार्गाचं दुपदरीकरण, महामार्गाचं चौपदरीकरण आणि ४०० केव्ही क्षमतेची वीजवाहिनी. त्यातल्या काहींना लॉकडाऊनच्या काळात व्हिडिओ कॉन्फरन्सवर झालेल्या बैठकीत वन्यजीव मंजुरी मिळाली, तेव्हा गोव्यात संताप उसळला.

'आमचें मोलें' ही मोहीम सुरुवातीला ऑनलाइनच वाढली. सह्या आणि मेल होतेच, पण ती तिथे थांबली नाही. शास्त्रज्ञांनी पर्यावरण अहवालांतल्या त्रुटी दाखवणारी पत्रं लिहिली. वकिलांनी कागदपत्रं तपासली. चित्रकारांनी मोल्यातल्या प्राण्यांची, फुलांची चित्रं काढली आणि ती इन्स्टाग्रामवर पसरली. नोव्हेंबर २०२०च्या पहिल्या रात्री चांदर गावात हजारो लोक रेल्वेमार्गाच्या कामाविरोधात रस्त्यावर उतरले. गोवा फाउंडेशन ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली.

न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला. रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द करावी आणि वीजवाहिनी आधीपासून असलेल्या वाहिनीच्या पट्ट्यातूनच न्यावी, असं समितीने सुचवलं. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्यातल्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. मात्र सखोल अभ्यास करून नव्याने प्रस्ताव आणायची वाट रेल्वेला मोकळी ठेवली.

मोल्यात प्रत्येकाने आपापलं काम केलं. सह्यांनी विषय घराघरांत नेला, तज्ज्ञांनी पुरावा दिला, गावकऱ्यांनी दबाव ठेवला आणि न्यायालयीन याचिकेने निर्णय मिळवला. यातलं कुठलंही एक काम काढून टाकलं तर हा निकाल मिळाला असता का, सांगणं कठीण आहे.

फ्रान्स: २० लाख सह्या घेऊन थेट न्यायालयात

हवामान बदलाबाबतची सर्वांत यशस्वी ऑनलाइन याचिका कोणती, असं विचारलं तर फ्रान्सचं नाव आधी घेतलं जातं. डिसेंबर २०१८ मध्ये ग्रीनपीस फ्रान्स, ऑक्सफॅम फ्रान्स यांच्यासह चार संस्थांनी 'शतकातला खटला' या अर्थाच्या नावाने मोहीम सुरू केली. फ्रान्स सरकारने स्वतःच ठरवलेली हरितगृह वायू कमी करण्याची उद्दिष्टं पाळली नाहीत, म्हणून सरकारवर खटला भरायचा, अशी ती घोषणा होती. काही आठवड्यांत २० लाखांहून जास्त सह्या झाल्या.

या मोहिमेत सही म्हणजे शेवट नव्हता. सुरुवातीपासूनच पुढचं पाऊल ठरलेलं होतं. मार्च २०१९ मध्ये खटला दाखल झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये पॅरिसच्या प्रशासकीय न्यायालयाने सरकारला दोषी ठरवलं आणि संस्थांना प्रतीकात्मक एक युरो भरपाई दिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायालयाने हे नुकसान ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत भरून काढण्याचा आदेश दिला.

न्यायालयाने सह्या मोजून निकाल दिला नाही. निकाल कायदा आणि उत्सर्जनाच्या आकड्यांवर लागला. पण २० लाख लोक पाठीशी आहेत हे दिसल्यामुळे खटला वकिलांच्या खोलीत राहिला नाही. तो देशाच्या चर्चेचा विषय बनला.

संशोधन काय सांगतं?

गाजलेली उदाहरणं पाहून वाटतं की याचिका चालतात. पण न गाजलेल्या याचिका कुणी मोजत नाही. ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी त्या मोजल्या. ब्रिटनच्या पंतप्रधान कार्यालयाच्या संकेतस्थळावरच्या आठ हजारांहून जास्त याचिका त्यांनी अभ्यासल्या. तेव्हा सरकारी उत्तरासाठी ५०० सह्या लागत. ९४ टक्के याचिकांना तेवढ्याही मिळाल्या नाहीत. ज्या चालल्या त्या पहिल्या एक-दोन दिवसांतच वेगाने वाढल्या होत्या. सुरुवातीला उचल मिळाली नाही तर याचिका सहसा तिथेच थांबते.

दुसरा आक्षेप 'स्लॅक्टिव्हिझम'चा. म्हणजे छोटंसं काम करून मोठं काम केल्याचं समाधान मिळवणं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं की लोकांसमोर दाखवून दिलेला छोटा पाठिंबा, उदाहरणार्थ बिल्ला लावणं, पुढच्या खऱ्या मदतीकडे नेतोच असं नाही. चारचौघांत चांगलं दिसण्याची गरज भागली की पुढचं पाऊल टाकायची गरज कमी वाटते. तोच पाठिंबा खासगीत दिला तर माणूस आपल्या मूल्यांचा विचार करतो आणि पुढे मदत करण्याची शक्यता वाढते.

त्याच वर्षी फेसबुकवरच्या 'सेव्ह दारफुर' या मोहिमेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो विषय हवामानाचा नव्हता, पण निष्कर्ष बोलका आहे. १० लाखांहून जास्त सदस्यांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त लोकांनी एकही पैसा दिला नाही आणि बहुतेकांनी एकही नवा सदस्य जोडला नाही. काम थोड्याच लोकांनी केलं होतं.

याची दुसरी बाजूही आहे. जो माणूस सही करतो तो एरवी मोर्च्याला गेलाच असता, असं नाही. नोकरी, घर, लहान मूल, दूरचं गाव अशा कारणांनी रस्त्यावर येऊ न शकणाऱ्यांसाठी सही ही पहिली पायरी असते. प्रश्न इतकाच की दुसरी पायरी कुणी बांधून ठेवली आहे का.

ब्रिटनमध्ये आकडा मोजला जातो, मग फरक पडतो का?

ब्रिटनच्या संसदेच्या अधिकृत संकेतस्थळावर १० हजार सह्या झाल्या तर सरकार उत्तर देतं आणि एक लाख झाल्या तर संसदेत चर्चेसाठी विचार होतो. भारतात सह्यांची अशी मर्यादा ठरलेली नाही.

तरी मोजणी म्हणजे विजय नव्हे. २०१९ मध्ये ब्रेक्झिट रद्द करा या याचिकेवर तिथे ६१ लाखांहून जास्त सह्या झाल्या. संसदेत चर्चा झाली, सरकारने मागणी नाकारली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं. सह्यांमुळे उत्तर मिळालं, पण ते हवं तसं नव्हतं.

सही करण्याआधी काय पाहावं?

*मागणी कुणाकडे आहे?* 'पृथ्वी वाचवा' अशी मागणी कुणीच पूर्ण करू शकत नाही. 'अमुक रस्त्यासाठीचा वृक्षतोडीचा प्रस्ताव वृक्ष प्राधिकरणाने फेटाळावा' ही मागणी पूर्ण होऊ शकते किंवा नाकारली जाऊ शकते. दोन्हीचं उत्तर मागता येतं.

*तारीख कोणती आहे?* निर्णय झाल्यावर सह्या गोळा करणं म्हणजे वरातीमागून घोडं. हरकतीची मुदत संपायच्या आत मेल गेला तरच तो नोंदीवर येतो. पर्यावरण मंजुरीला राष्ट्रीय हरित लवादात आव्हान द्यायचं असेल तर ३० दिवसांत अपील करावं लागतं. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. पश्चिम विभागासाठी लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे. सह्यांचा आकडा वाढायची वाट पाहताना ही मुदत निघून गेली तर नुकसान मोठं होतं.

*मजकूर स्वतःचा आहे का?* एकाच मजकुराचे दहा हजार मेल आले तरी मुद्दा एकच राहतो. त्यात स्थानिक माहितीच्या दोन ओळी घातल्या तर हरकतीचं वजन वाढतं. पावसाळ्यात पाणी कुठे साचतं, विहिरीची पातळी केवढी आहे, ही माहिती तिथे राहणाऱ्यालाच असते. ईआयए अहवाल सहसा इंग्रजीत असतो, पण जनसुनावणीआधी त्याचा सारांश स्थानिक भाषेत देणं बंधनकारक आहे. महाराष्ट्रात या सुनावण्या प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. तिथे कुणीही बाधित नागरिक बोलू शकतो आणि ते इतिवृत्तात नोंदवलं जातं.

*पैसे कुणाला जातात?* चेंज डॉट ऑर्गवर सही केल्यावर पैसे देण्याचं आवाहन दिसतं. ते पैसे सहसा ती याचिका जास्त लोकांना दाखवण्यासाठी वापरले जातात, आंदोलकांच्या खात्यात जात नाहीत. आंदोलनाला मदत करायची असेल तर संबंधित संस्थेकडे थेट विचारलेलं बरं.

*माहिती कुठे जाते?* सही करताना नाव, ई-मेल, कधी फोन नंबरही द्यावा लागतो. नाव जाहीर दिसणार आहे का, ई-मेल पुढच्या मोहिमांसाठी वापरला जाणार आहे का, हे फॉर्मच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते वाचावं.

*सह्यांनंतर काय?* सह्या घेऊन मोहीमवाले कुणाला भेटणार, कधी भेटणार, नकार मिळाला तर काय करणार, हे याचिकेच्या पानावर लिहिलेलं नसेल तर विचारावं. साध्या १० रुपयांच्या माहिती अधिकार अर्जातूनही आलेल्या हरकतींवर काय कार्यवाही झाली, हे मागता येतं. साधारण ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असतं.

मग सही करावी की नाही?

करावी, पण तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची हे माहीत असावं. चारही उदाहरणांत एकटी सही कुठेच जिंकलेली नाही. आरेत ८० हजार हरकती असूनही झाडं पडली. ईआयएच्या मेलनी मसुदा अडला, पण त्यातली एक तरतूद दुसऱ्या वाटेने आली. मोले आणि फ्रान्समध्ये सह्यांच्या पुढे अभ्यास, माणसं आणि न्यायालय होतं, म्हणून निर्णय बदलला. तोही कायमचा बदलेल याची खात्री नाही.

ऑनलाइन सहीने दोन गोष्टी होतात. विषय लोकांपर्यंत पोहोचतो आणि कोण सोबत आहे हे कळतं. २० लाख नावांतून शंभर माणसं जनसुनावणीला आली, दहांनी माहिती अधिकारात अर्ज केले आणि एकाने वेळेत अपील दाखल केलं, तर त्या सह्या कामी आल्या. ३० सेकंदांच्या सहीनंतर अर्धा तास काढून स्वतःच्या शब्दांत एक हरकत लिहिली आणि ती मुदतीत पाठवली, तर सरकारी फायलीत तो कागद राहतो. उद्या प्रकरण न्यायालयात गेलं की 'लोकांनी तेव्हाच सांगितलं होतं' हे दाखवायला तोच कागद पुरावा ठरतो.